राबाची राख आणि माझी भिंगं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. अंबडच्या एका कारखान्यात माझा लोखंडी पाया ओतला गेला आणि १९९४ साली मी नाशिकच्या एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आलो. माझ्याखाली केस, धागे, रंगाच्या खपल्या येत. त्या कोणाच्या, याची मला फारशी उत्सुकता नसे.

तिथल्या रसायनतज्ज्ञ सविताताई माझी भिंगं रोज मऊ कापडाने पुसत. ‘हा खोटं दाखवत नाही,’ असं त्या पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी जरा फुगून जाई.

एका मे महिन्यात लासलगावजवळ कांद्याची चाळ जळाली. तिथे मजुरी करून सुरगाण्याकडे घरी परतलेल्या लहानूला पोलिसांनी उचललं, कारण त्याच्या सदऱ्यावर राख होती आणि ठिणग्यांची भोकं होती. ‘मी राब भाजत होतो,’ असं तो सांगत राहिला. भात पेरण्याआधी वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. कोणी ऐकलं नाही. लहानू कोठडीत गेला आणि सदरा पाकिटात.

पाकीट आमच्या कपाटात पडून राहिलं. आधीची बरीच होती.

अखेर सविताताईंनी ते उघडलं. तपासणीत रॉकेलचा अंश सापडला नाही. माझ्याखाली पानांच्या शिरा दिसल्या, शेणातलं गवत दिसलं. जळालेला कांद्याचा पापुद्रा मात्र कुठेच नव्हता. ताईंनी लहानूच्या वाफ्यातली राख मागवली. हवालदार चिमाजी ती घेऊन आले, मागोमाग लहानूची बायको फुलाबाई.

“मूठभर राखेसाठी एवढ्या लांब कशाला आलीस, बाई?” चिमाजी वैतागले.

“मानूस नेलात, आता राख बी नेता. त्यातच पेरायचं हाय साहेब.”

दोन्ही राखा जुळल्या. ताईंनी अहवाल लगेच लिहिला.

श्रावणात चिमाजी दुसऱ्या कामासाठी आले. “तो लहानू सुटला, मॅडम. पण कोर्टातून सुटेपर्यंत आवणी हुकली त्याची. बाईनं एकटीनं रोपं लावली, निम्मं खाचर पडीकच राहिलं.” त्या दिवशी ताई माझी भिंगं पुसायला विसरल्या. मलाही वाईट वाटलं, खरंच वाटलं.

आता पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलंय. मी कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. मित्रांनो, यंत्रं जरूर जपा, भिंगाला बोटं लावू नका. पण त्याआधी कपाटातलं पाकीट उघडा. ते उघडेपर्यंत कोणीतरी कोठडीत बसलेलं असतं.