छापाची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. माझी पितळी पारडी पुण्याच्या तांबट आळीत ठोकली गेली आणि नशीब मात्र मार्गासनीला, चिमाजीशेटच्या दुकानात फुटलं. शेर जाऊन किलो आले, तेव्हापासून मी तिथे तुळईला टांगलेली होते.

वजनमापांचा साहेब वर्षातून एकदा येई, मला तपासून छाप मारी आणि दोन रुपये फी घेई. दुकान शेटचं, नफा शेटचा, तेव्हा फीही त्याचीच, असं तुम्हाला वाटेल. त्याला तसं वाटलं नाही. तांदूळ देऊन मीठमिरची नेणाऱ्या प्रत्येक बाईच्या पाटीतून तो एक मूठ जादा काढू लागला. तिला त्याने नाव दिलं छापाची मूठ. दोन रुपये आठवड्यातच वसूल झाले, मूठ वर्षभर चालली. असल्या हलकटाच्या हातात मी लटकले, याची मला आजही किळस येते.

एकदा साळूबाई तांदूळ घेऊन आली. लेक नुकतीच बाळंत झाली होती, तिच्यासाठी गूळ आणि डिंक हवा होता. शेटने आधी मूठ काढली, मग तांदूळ तोलले.

"डिंकापुरतं भरत न्हाई. नुसता गूळ न्या."

"मूठ परत घाला, मंजी भरंल."

"ती छापाची. तागडीचा खर्च गिऱ्हाइकानंच द्यायचा."

"मंग तागडी कुणाची?"

दुकानात पाचसहा बायका होत्या. शेट तोंडभर हसला. "तुमचीच समजा की. समदं दुकानच तुमचं हाय."

ही साखरपेरणी तो रोजच करी. साळूबाईने शब्द खरा धरला. मिठाच्या पोत्यावर चढून तिने मला आकड्यावरून काढलं आणि काखेत मारलं.

"चला गं. फी आपुन भरली, तागडी आपली."

शेट "अवो, अवो" करत पायरीपर्यंत धावला. तागडीवाचून त्याला चिमूटभर हळदही विकता येईना. साळूबाई पायरीवर थांबली, पण मला काही सोडेना. तिची मूठ परत आली, डिंक पुडीत बांधला गेला, तरी नाही. सगळ्या बायकांच्या मुठी जिच्या तिच्या पाटीत पडल्या, तेव्हाच तिने मला सोडलं.

आता नवा काटा आला आहे आणि मी पोत्यांमागे कळकून पडले आहे. मित्रांनो, कुणीतरी मला चिंच लावून घासा, एवढंच मागणं. आणि दुकानदार आपला खर्च तुमच्या गळ्यात मारू लागला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याची तागडी काढा आणि चालू लागा.