तिसरी हाक

धुरपदाबाई स्वतःच्याच घरातून कडेकडेनं बाहेर पडली. दार सताड उघडं होतं, वाटेत चिटपाखरू नव्हतं, तरी म्हातारीनं हंडा कमरेवर घेतला, चौकटीला पाठ घासली आणि उंबऱ्याकडे बघून अदबीनं म्हणाली, "जरा सरकी जा आबा. पानी लेवाले जानं शे."

समोरच्या ओट्यावर हिलाल विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची तार उलगडत बसला होता. त्याचा हात थांबला. धुरपदाबाईचा बाप म्हणजे आबा. हिलालच्या लहानपणीच तो गेला होता.

"कोनशी बोली ऱ्हायनी अक्का?"

"तुले म्हाईत नही?" म्हातारीनं हंडा खाली ठेवला. "तूच बलाया ना त्यास्ले! ना घरमा येतस, ना मागे जातस. दारमा बशेल शेत."

चोपड्याच्या अलीकडच्या त्या गावात हिलाल मोटार वायंडिंग करायचा आणि फावल्या वेळात गाणी. गाणी स्वतःच रचायचा, चाली स्वतःच लावायचा आणि गायचाही स्वतःच. त्यामुळे चुकलं तर भांडायला दुसरं कोणी नसे. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या रुपचंदशेठनं त्याची पहिली कॅसेट काढली, 'नवरी बसनी फटफटीवर'. खानदेशात एक वरात तिच्याशिवाय निघाली असेल तर त्या घोड्याला विचारावं. कव्हरवर हिलाल चमकीच्या जाकिटात उभा होता. ते जाकीट फोटोवाल्याचं होतं. शेठनं पुढं ते त्याला बक्षीस दिलं आणि मानधनाचा विषय मिटला.

शेठला दुसरी कॅसेट तशीच हवी होती. नवरी फटफटीवरून उतरवायची आणि ट्रॅक्टरवर बसवायची, एवढाच फरक. पण मध्ये हिलालची माय गेली.

माय म्हणजे भिकुबाई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना गल्लीतल्या घरोघरी तीच गायची. तिच्या गाण्यात तीन हाका होत्या. पहिल्या हाकेला पितर जागे होतात, दुसऱ्या हाकेला उंबऱ्याशी येऊन बसतात आणि तिसरी ऐकली की घरात येऊन जेवतात, अशी तिची समजूत होती आणि तिची समजूत तीच गल्लीची रीत होती. हिलालनं दुसऱ्या कॅसेटीत मायची गाणी घेतली. ढोलक नाही, बेंजो नाही. नुसती एक बासरी आणि त्याचा आवाज, तोही विहिरीतून आल्यासारखा. शेवटी घागरीचं गाणं.

"हिलालभाऊ," शेठ कपाळाला हात लावून म्हणाला होता, "लग्नाच्या सीझनमध्ये पितर कोण ऐकेल?"

तरी कॅसेट निघाली. फक्त शेवटच्या गाण्यात दुसऱ्या हाकेनंतर बाजू संपली आणि खट्ट झालं. हिलाल धावत धुळ्याला गेला.

"दोन काय, तीन काय," शेठ म्हणाला, "पितर काय मोजत बसतात?"

ते मोजत होते.

गावात पहिल्याच आठवड्यात कळलं. ज्या घरात कॅसेट वाजली त्या घराची कुत्री उंबऱ्यापासून हातभर लांब बसू लागली. कौतिक पाटलाच्या दारात भर दुपारी तंबाखूचा वास यायचा, आणि घरात तंबाखू खाणारा शेवटचा माणूस त्याचा आजा होता. उखर्डू तर स्वतःच्या दारातून आत जाताना चपला काढून नमस्कार करायचा. हयात असताना बापाला त्यानं हा मान कधी दिला नव्हता. भीती अशी कोणाला वाटत नव्हती. आपलीच माणसं. पण ताटकळलेला पाहुणा दारात बसलेला असताना घास कोणाच्या घशाखाली उतरणार?

दारात कोणी नव्हतं ते एका हिलालच्या. रोज कॅसेट संपली की तो उंबऱ्याशी जाऊन उभा राहायचा. हात पुढं करून बघायचा. वारा लागायचा. उन्हाची झळ लागायची. दुसरं काही नाही. ज्या मायसाठी त्यानं फटफटीची गाणी सोडली, ती त्याच्या हाकेला उंबऱ्यापर्यंतसुद्धा आली नव्हती.

"काही वाटतं का गं तुला?" तो बायकोला विचारायचा. प्रमिलाबाई जळगावची, बोलायची शाळेतल्यासारखं. सासू असेपर्यंत डोक्यावरचा पदर तिनं कधी ढळू दिला नव्हता. आता तो खांद्यावर असायचा.

"नाही हो," ती म्हणायची. "उगाच खोटं कसं सांगू?"

आखाजीच्या सकाळी कौतिक पाटील चार माणसं घेऊन ओट्यावर आला.

"हिलाल, भो, भांडाले नही उनूत," तो म्हणाला. "पन तू बलाया त्यास्ले. आते तूच घरमा ली ये. घर घर फिर आनि तिसरी हाक मार."

"आनि ते जाकीट घाली ले," उखर्डू मागून म्हणाला. "मना बापले फोटोमातलाच हिलाल म्हाईत शे."

हिलालनं वैशाखाच्या उन्हात चमकीचं जाकीट चढवलं आणि निघाला.

पहिलं घर धुरपदाबाईचं. घागर भरलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, पितरांचा घास टाकायला चुलीपुढं निखारे. हिलालनं मायचं गाणं पहिल्यापासून म्हटलं. पहिली हाक. दुसरी. मग थोडं थांबून तिसरी, मायच्या चालीनं शेवट वर चढवत. घागरीतलं पाणी शहारलं. दारातलं कुत्रं उठलं, त्यानं अंग झाडलं आणि उंबऱ्यावर येऊन आडवं झालं. धुरपदाबाई हंडा घेऊन दाराच्या मधोमध चालत बाहेर गेली आणि मधोमध चालत परत आली. मग तिनं डोळे पुसले.

"जेवाले बसनात," ती म्हणाली.

कौतिकच्या घरी तंबाखूचा वास दारातून आतल्या खोलीत गेला. उखर्डूच्या घरी निखाऱ्यावर घास पडताच कोणीतरी समाधानानं ढेकर दिल्यासारखं झालं. तो उखर्डूच असेल, असं हिलालनं मनाशी ठरवून टाकलं. गल्ली संपली तशी दुसरी गल्ली उभी राहिली. तिकडंही कॅसेट पोचली होती. हिलाल कोणाला नाही म्हणेना. प्रत्येक हाकेबरोबर आवाज एकेक धागा उसवत गेला. मारुतीच्या पाराशेजारच्या घरात तो घोगरा झाला, शेवटच्या घरात नुसती हवा आली. तरी त्या घरचं कुत्रं उठलं.

तो घरी पोचला तेव्हा ऊन कललं होतं. प्रमिलाबाईनं मायच्या नावाची घागर भरून ठेवली होती. सांजोऱ्या केल्या होत्या. निखारे राखेखाली जपले होते.

हिलाल उंबऱ्यासमोर उभा राहिला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. गावभरच्या मेलेल्यांना घरात घेऊन आलेल्या माणसाला स्वतःच्या मायपुरती एक हाक उरली नव्हती.

त्यानं जाकीट काढून खुंटीला लावलं, आणि उंबऱ्यावर बसला. बसताना, का कोण जाणे, एका बाजूला बसला. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"या आत," प्रमिलाबाई चुलीजवळून म्हणाली.

तो हलला नाही. गल्लीत घरोघरी ताटांचे आवाज येत होते.

"अहो, या ना आत. निखारे विझतील."

त्यानं मान हलवली. तिला ते दिसलं नसावं. शेजारच्या रिकाम्या जागेवरचा दगड दिवसभराच्या उन्हानं तापलेला असायला हवा होता. त्यानं हात ठेवला. दगड गार होता, ओल्या पदरानं नुकताच पुसल्यासारखा.

प्रमिलाबाई उठून दाराशी आली. दिवसभर उपाशी होती; आवाज जरा चढलाच.

"या हो आत आता!"

हिलाल उठला. पण लगेच आत गेला नाही. वडीलधाऱ्या माणसाला आधी जाऊ द्यावं तसा अंग चोरून चौकटीला टेकून उभा राहिला. थोडा वेळ तसाच राहिला. मग वाकून आत आला.

प्रमिलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पुढं, घागरीकडे पाहिलं. आणि खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला.