पिक्चर उतरला का गं?

भुतांचा धंदा करणाऱ्या बाईशी संसार करणं सोपं नसतं. मी इथे इंग्लंडात, स्लाऊच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देतो आणि माझी बायको नीना जगाची झोप उडवते, असं आमचे मित्र चारचौघांत म्हणतात आणि स्वतःच हसतात. मी हसणं सोडलंय.

नीनाचं भूत म्हणजे 'वरची'. वरच्या खोलीत राहणारी, पाळण्यावर वाकणारी, बोळक्या तोंडाची म्हातारी. तिच्यावर नीनाने तीन सिनेमे केले, तिन्ही धो धो चालले. हॅलोवीनला गोरी पोरं तिचा रबरी मुखवटा घालून 'व्हार्ची, व्हार्ची' ओरडत आमच्याच दारात चॉकलेटं मागायला येतात. तो मुखवटा म्हणजे माझ्या सासूबाईंचा चेहरा.

आमच्या लेकीच्या, तनयाच्या वेळी सासूबाई नागपूरहून व्हिजिटर व्हिसावर बाळंतपणाला आल्या होत्या. पोर जेमतेम मान धरायला लागली, तोच नीनाने घरातच पहिला सिनेमा करायला घेतला. भुताचं काम करणारी बाई ऐनवेळी आली नाही. नीनाने आईला केस मोकळे सोडायला लावले, कवळी काढायला लावली, तोंडाला तांदळाचं पीठ फासलं आणि पाळण्याशी उभं केलं. सासूबाई लाजेने अर्ध्या झाल्या.

"ओळखीचं कोणी पाहणार नाही ना गं?"

"कोण पाहतंय, आई! लागेल आणि उतरेल."

सासूबाईंच्या लेखी सिनेमा थिएटरला लागायचा आणि गर्दी ओसरली की उतरायचा. आता तो कुणाच्याही खिशातल्या फोनवर जन्मभर लागलेला असतो, हे त्यांना कोणी समजावलं नाही. नागपुरात त्यांच्या कॉलनीत तो पोचलाच. पोरं त्यांना पाहून किंचाळत पळायची, मोठी माणसं तोंड फिरवून हसायची. त्यांनी भजनाला जाणं सोडलं. आमच्याशी बोलतानाही कॅमेरा बंद ठेवायला लागल्या. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "पिक्चर उतरला का गं?"

"उतरेल, आई," नीना म्हणायची आणि पुढचा भाग करायला घ्यायची. त्याच जुन्या शूटिंगमधला चेहरा कॉम्प्युटरवर ताणून, वाकवून. मला तिचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी कोणी भेटायला आलं की चादर तोंडावर ओढून घ्यायच्या, असं शेजारणीने सांगितलं. नीना पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

परत आली ती थेट सिनेमा कंपनीच्या ऑफिसात गेली. त्यांना 'वरची' कधीपासून हवीच होती. नीना म्हणाली, घ्या. नाव घ्या, गोष्ट घ्या, मलाही यात धरू नका. अट एकच. हा चेहरा पुन्हा कुठे दिसता कामा नये आणि जुने तिन्ही सिनेमे उतरवायचे. कंपनीला नवी नटी घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची होती, त्यामुळे त्यांच्या पथ्यावरच पडलं. फक्त त्यांनी घरातलं सगळं मूळ शूटिंग मागितलं. नीनाने एकूण एक हार्ड डिस्क खोक्यात भरली.

"अगं, निदान एक कॉपी ठेव."

"नको अनुप. आय वॉन्ट इट आउट ऑफ द हाउस. आईला आता तरी सोडावं लोकांनी."

खोकं गेलं त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. मलाही वाटलं, सुटलो.

मग वर्षश्राद्ध आलं. सासूबाईंचा फोटो आम्ही आजवर लावलाच नव्हता, आल्यागेल्याने ओळखला असता म्हणून. आता मी हौसेने मोठा करून आणला. भाच्याच्या लग्नातला, काठापदराच्या साडीतला, कवळी घालून छान हसणारा. बारा वर्षांची तनया तो बघत राहिली. "मम्मा, हा आजी आहे? शी लुक्स सो नाइस."

नीना हार हातात धरून फोटोसमोर उभी राहिली. हलेचना.

"घाल ना," मी म्हटलं.

"अनुप, ही कोण आहे रे?"

"असं काय करतेस? आई आहे तुझी."

"नाही रे. हे दात, हे हसू... कोणीतरी मेकअप करून बसवलेली बाई वाटते. इतकी वर्षं एडिटिंगला बसून मी तिचा तो एकच चेहरा बघितलाय. आई आठवायला गेले की तीच येते, पाळण्यावर वाकलेली. तुला माहितीये, त्या शॉटचं म्युझिक काढलं ना, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाहीये. ती नुसती तनयाकडे बघतेय. इतक्या मायेने बघतेय रे. आणि मी तो शॉटच कंपनीला देऊन टाकला."

मी तिच्या हातातून हार घेतला आणि फोटोला घातला. तनयाने नमस्कार केला, मी केला. नीनाला काही तो करता आला नाही.