जनीचं नाव घ्यायचं राहिलं

१९९३ सालच्या मे महिन्यात विचुंब्याच्या जगनच्या दारी मांडव पडला. धाकट्या मुलाचं, दीपेशचं लग्न, नवरी गव्हाणची. जगनची बायको सोनाबाई उजाडल्यापासून राबत होती. तिने वड्यांचं पीठ मळलं, चहाला आधण ठेवलं, थोरल्या मुलीची वेणी घातली, तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली. हात आपसूक वर गेला. कडी लावताना काही वाटण्याचे तिचे दिवस केव्हाच सरले होते.

ही थोरली म्हणजे जनी. वय वर्षं एकोणतीस. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा, आणि अक्षरं तर डोक्यात शिरलीच नाहीत. गावाने तिला येडी ठरवलं, घराने ते मुकाट मान्य केलं. बारसं असो, साखरपुडा असो, पाहुणे आले की जनी आत. का, तर घरात असं माणूस आहे हे कळलं की भावंडांची लग्नं जमत नाहीत. हे सांगितलं कोणी? कोणीच नाही, ते सगळ्यांना ठाऊकच होतं! धाकट्या बहिणीच्या, भाविकाच्या लग्नात जनी तीन दिवस आत होती. ताट आत जाई, रिकामं बाहेर येई.

दोन वर्षांपूर्वी पनवेलला अशा मोठ्या मुलामुलींसाठी एक कार्यशाळा निघाली. कागदी पिशव्या चिकटवायच्या. सोनाबाईने जनीला तिथे धाडलं ते घरात पायात पायात येते म्हणून, काही शिकेल म्हणून नव्हे. तिथल्या नीताताई दर शुक्रवारी सगळ्यांना गोल बसवीत. एकेकाने उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, मग एक गोष्ट ‘मला पाहिजे’ आणि एक गोष्ट ‘मला नको’. चार महिने जनी नुसती उभी राही आणि खाली बसे. पाचव्या महिन्यात म्हणाली, “चहान साय नको.” दुसऱ्या दिवशी नीताताईंनी तिचा चहा आठवणीने गाळून दिला. एवढंच झालं. पण जनीचं ‘नको’ कोणीतरी पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग घरातही तिचं सुरू झालं. भाविकाचे जुने झंपर नकोत. पाहुण्यांदेखत ‘गप बस’ म्हणायचं नाही. “लय शानी झाली गो तू,” म्हणून जगन कपाळाला हात लावी.

दीपेशचं लग्न ठरलं तेव्हा जनीला मामाकडे मोऱ्याला नेऊन ठेवायचं घाटत होतं. जनी म्हणाली, “मना नको. मना लग्नान बसाचा हाय.”

“लोक काय बोलतील?” जगन म्हणाला.

“काय बोलतील?” जनीने खरोखरच विचारलं. जगनने आवाज चढवला. अखेर मोऱ्याला नाही तर मागच्या खोलीत, असं ठरलं. ठरवताना जनीला कोणी विचारलं नाही.

तर त्या सकाळी कृष्णाबाई धवलारीण मांडवात येऊन बसली. इकडच्या लग्नात धवले गाण्याचा मान तिचा. घरातल्या माणसांची नावं ती गाण्यात गुंफते, गेलेल्यांनाही नावाने बोलावते. शेजारी नवरीचे वडील सुदाम होते. वऱ्हाडाची वेळ ठरवायला ते मुद्दाम गव्हाणहून आले होते.

“सोने, नावा सांग गो,” कृष्णाबाई म्हणाली.

सोनाबाईने सासू-सासऱ्यांपासून सुरुवात केली. मग खाडीत बुडालेला दीर. मग सातव्या दिवशी गेलेली तिची दुसरी मुलगी, जिचं बारसंही झालं नव्हतं.

“तिला काय म्हनू?”

“बाय म्हन,” सोनाबाई म्हणाली. मग जिवंत माणसं: जगन, भाविका, जावई, दीपेश.

“झाली?”

“झाली.”

सात दिवस जगलेल्या पोरीला गाण्यात जागा मिळाली. एकोणतीस वर्षं त्याच घरात जेवणारीला मिळाली नाही. लाज वाटायची असेल तर ती कोणाची वाटावी, हे वाचकांनीच ठरवावं.

मागच्या खोलीचं दार वाजलं. आतून आवाज आला, न अडखळता, शुक्रवारी येई तसा. “मी जनी. दीपेशची मोठी भईन. माजा नाव रायला.” आणि मग, “आये, मना हिथं नको. कडी काड.”

जगन खाकरला, “ती आपली... कामाला...” आणि पुढचं खोटं त्याच्या तोंडातून निघेना.

सोनाबाई उठली. भीती वाटेना, लाज वाटेना, राग येईना. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसत होतं, तेवढंच. तिने जाऊन कडी काढली.

जनी बाहेर आली आणि कृष्णाबाईच्या चटईच्या कडेला बसली. “घे नाव.”

कृष्णाबाईने जगनकडे पाहिलं. त्याची वाट न बघता तिने जनीचं नाव घेऊन धवला धरला.

सुदाम उठून उभे राहिले. जगनने हात जोडले. “सुदामभाऊ, लग्नानंतर सांगनारच होतो तुमाला. पाया परतो, लगीन मोरू नका.”

सुदाम परत खाली बसले. “मी काय मोरनार? माजा पन एक असाच हाय. गोरख, नवरीचा सख्खा भाव. बत्तीस वर्साचा हाय. तुमाला कलला तर तुमी मोराल म्हनून सांगितला नाय. सकाली त्याला कोंडूनच निगालो.”

म्हणजे दोन्ही घरं एकमेकांना भिऊन आपापली पोरं कोंडत होती. सोनाबाईने हे ऐकलं. भाविकाच्या लग्नातले ते तीन दिवस तिच्या डोळ्यांपुढे आले. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

जनीने सुदामना विचारलं, “त्याला इचारलात?”

“काय?”

“लग्नाला याचा हाय काय ता.”

सुदामनी मान हलवली. नव्हतं विचारलं. बत्तीस वर्षांत कशाचंच विचारलं नव्हतं.

“मंग जा, इचारून या,” जनी म्हणाली. “आमी थांबतो.”

कृष्णाबाईने धवला थांबवला. सुदाम चपला शोधायला उठले.