फुलाके शब्दाचं पान

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, बायबलमधल्या ग्रीक शब्दांचा. बोटीनं मुंबईला उतरून औरंगाबादेच्या मिशन बंगल्यात आलो, तेव्हा माझ्या पानांची कड सोनेरी होती. आता तिला कसर लागली आहे. दोन पुठ्ठ्यांत मिटून राहायचं आणि कुणी उघडलं तरच कामाला यायचं, असा माझा जन्म.

मला रोज उघडत ते तात्यासाहेब, मिशनच्या शाळेतले मास्तर. रविवारचा उपदेशही तेच करत. हात धुऊन, पुसूनच मला हात लावत.

त्याच आवारात बानाबाई झाडलोट करी आणि मागच्या खोलीत राही. धनगराघरची, खंडोबाची भक्त. पोलिस ॲक्शननंतरच्या गडबडीत तिच्या भिकनवर मेंढरं चोरल्याचा आळ आला आणि त्याला जेलात घातलं. बानाबाई नवस बोलली: पोरगं घरी येईपर्यंत एकवेळच जेवीन, आणि आवाराच्या फाटकाबाहेर पाय टाकणार नाही. रोज ती फाटकाशी जाई, जरा उभी राही, मागं फिरे. मला वाटे, हीही मिटलीच आहे.

एका दुपारी तात्यासाहेबांनी माझं एक पान उघडलं होतं. शब्द होता 'फुलाके'. अर्थ : राखण, पहारा, रात्रीचा प्रहर, जिथं पहाऱ्यात ठेवतात ती जागा, म्हणजे तुरुंग. तेवढ्यात भिकनबरोबर जेलात असलेला पुंजाराम सुटून आला, तो थेट तिथंच झाडत असलेल्या बानाबाईकडे.

"भिकनला परवा दुसऱ्या जेलात नेनार हायेत. लई लांब. त्यो म्हनतो, माय मला चोर समजती, म्हनून येत नाय."

बानाबाईचा झाडू थांबला. "त्याच्यासाठीच तर कोंडून घेतलंय मी. त्याला सांगायचं व्हतं."

"माझ्या घरचे भेटीला आले तवा कळलं, मंग सांगितलं की. तर म्हनला, मला सरकारनं कोंडलं, तिला कुनी कोंडलं?"

तात्यासाहेबांनी हे ऐकलं. त्यांचं बोट माझ्या पानावरच होतं. "बाई, हा तुरुंगाचा शब्द येशूच्या एका वाक्यात आलाय. मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात."

"मंग सोडवलं का त्याला?"

"तसं लिहिलेलं नाही. आले, एवढंच आहे."

बानाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी अक्षरही येत नव्हतं. "अन् खंडोबाचं कसं करू?"

"ते मी कोण सांगणार? देव तुमचा, शब्द तुमचा."

तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "खंडोबाला दंड भरीन. त्यो घोड्यावर बसून कुठंबी येतोय. माझ्या पोराला येता येत नाय."

फडक्यात भाकर बांधून ती पुंजारामाबरोबर फाटकाबाहेर पडली. फाटकापलीकडचं मला दिसत नाही. मी तसाच उघडा पडून वाट पाहिली.

दिवेलागणीला ती परतली. तात्यासाहेबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"शिपायानं भाकर आत नेली. त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी माघारी धाडली. गजांआडनं बघून म्हनला, तू वाळलीस, खा माझ्यासमूर."

"आणि उपास?"

"मोडला," ती हळूच म्हणाली.

भिकनला लांब नेलं. तो सुटून येईपर्यंत बानाबाई तिथंही जात राहिली.

पुढं तात्यासाहेब गेले. माणसांनी मोठ्या आदरानं मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली कुठं आहे, हे आता कुणालाच ठाऊक नाही. दर रविवारी काच मात्र पुसतात.

मित्रांनो, जुनी पुस्तकं अशी आदरानं कोंडू नका. अधूनमधून उघडत चला. पण मी कागद आहे, मला थांबता येतं. तुमच्या ओळखीचं कुणी आजारानं, म्हातारपणानं किंवा खरोखरच्या गजांआड अडकलं असेल, तर आधी तिकडे जा. सोडवणं आपल्या हाती नाही, म्हणून दारातून मागं फिरू नका.