बॅटरी कोण संपवतंय?

चार्जरचा लाल चिमटा बॅटरीपासून वीतभर अंतरावर असतानाच सुनेनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"आधी चार्जरचं बटण बंद कर," ती म्हणाली. "आणि शेडचं दार सताड उघड. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो. एक ठिणगी पुरते."

"अगं, आठ वाजून गेले. अकराला तुझी टेस्ट आहे."

"म्हणूनच सांगतेय."

नवऱ्यानं बटण बंद केलं. गाडी त्याची असली तरी विजेच्या बाबतीत घरात सुनेचाच शब्द चालायचा. इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात तिची आठ वर्षं गेली होती. दुकानाची व्हॅन आता तिच्या हाती द्यायची आणि बाहेरची कामं तिनं एकटीनं करायची, असं मालकांनी ठरवलं होतं. फक्त लायसन्स हवं होतं. पहिल्या टेस्टला चढावर गाडी बंद पडली, दुसऱ्या टेस्टला ती इंडिकेटर द्यायला विसरली. आज तिसरी खेप होती. पहाटेपासून तिच्या अंगात वारं भरलं होतं, आणि गाडी मात्र किल्ली फिरवली की नुसती टक् म्हणायची.

"ऑल्टरनेटर गेला असणार," नवरा म्हणाला. "गाडी चालताना बॅटरी चार्जच होत नसेल."

"नाहीतर कुठेतरी करंट गळत असेल. मीटर दे."

दारात उभ्या सासूबाईंनी तत्परतेनं मीटर पुढे केला. त्या सातलाच इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या. घरी बसून माझा जीव टांगणीला लागेल, मीही येणार, असं त्यांनी चहाबरोबरच जाहीर केलं होतं.

सुनेनं किल्ली काढून घेतली, दारं लावली, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मधे मीटर जोडला. गाडीत सगळं बंद असताना कोणी चोरून करंट पीत असेल तर आकडा वर जायला हवा होता. आकडा वीस मिलीअँपिअरवर बसला. एवढा तर गाडीतल्या घड्याळालाच लागतो.

"गळती नाही," ती म्हणाली, आणि मीटरवरची नजर तिनं वर उचलली नाही.

कारण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. दुपारी दुकान बंद असताना ती घरी यायची, शेडचं दार आतून ओढून घ्यायची आणि वीस मिनिटं गाडीत बसायची. इंजिन सुरू करायची नाही. किल्ली फिरवून नुसते इंडिकेटर द्यायचे. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. पुन्हा विसरायला नको म्हणून.

"माझ्यामुळे झालं असेल," ती वायर पुन्हा जोडता जोडता म्हणाली, आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

नवरा हसला नाही, हे त्याचं नशीब.

"वीस मिनिटांनी बॅटरी एवढी झोपते?" त्यानं विचारलं.

"चार्जर लावा बघू," सासूबाई मधेच म्हणाल्या. "गप्पा काय, नंतरही होतील."

सुनेनं चार्जरचा लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला. काळा चिमटा मात्र बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावला, म्हणजे ठिणगी उडालीच तर गॅसपासून दूर उडेल. मग बटण दाबलं. काटा हलला. दीड तास ती शेडमध्ये येरझाऱ्या घालत होती आणि दर दहा मिनिटांनी बॅटरीला हात लावून तापली नाही ना ते बघत होती. दहा वाजता तिनं आधी बटण बंद केलं, मग काळा चिमटा काढला, मग लाल.

किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तिला उडीच मारावीशी वाटली. तरी तिनं बॅटरीवर मीटर धरला. चौदा पूर्णांक दोन दशांश व्होल्ट.

"ऑल्टरनेटर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "चल."

नवरा गाडी चालवायला बसला. शेजारी बसून त्याच्या सूचना ऐकायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती मागे सासूबाईंजवळ बसली. रस्ता मोकळा होता, वेळ हातात होता, पण डोक्यातलं गणित सुटत नव्हतं. बॅटरी पंचेचाळीस अँपिअर-तासांची. इंडिकेटरचे रोजचे सव्वा धरले तरी आठवड्याचे आठ. गळती नाही, ऑल्टरनेटर चांगला. मग बाकीचं कुठे गेलं?

नवऱ्यानं गिअर बदलला. सवयीनं तिचा डावा पाय क्लच दाबावा तसा खाली गेला. ओशाळून तिनं पायाकडे पाहिलं. शेजारी सासूबाईंची चप्पलही खाली दाबलेली होती, आणि आता ती अर्ध्यावर थांबून अलगद वर येत होती.

पुढच्या गिअरला पुन्हा तेच. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही गाडीत किती वाजता बसता?"

सासूबाईंनी आधी मुलाच्या पाठीकडे पाहिलं.

"तू दुकानात परत गेलीस की. तासभर."

"इंडिकेटर देता?"

"मोठे दिवे लावते," सासूबाई आणखी खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी रात्र समजून चालवते."

सुनेला हसू आवरेना. तिनं त्यांचा हात धरला तो गाडी टेस्टच्या मैदानाशी थांबेपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी तिनं प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला, चढावर गाडी धरून ठेवली, आणि इन्स्पेक्टरांनी मान हलवून कागदावर सही केली. गाडीजवळ परत आली तेव्हा नवऱ्यानं तिला जवळजवळ उचललंच. तिच्या हातात दोन कागद होते. एक सहीचा, एक कोरा. कोरा होता शिकाऊ लायसन्सचा अर्ज, तो तिनं सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

सासूबाईंनी तो लांब धरून वाचला. बराच वेळ वाचला. नवरा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"चष्म्याचं विचारलंय इथे," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "लिही, आहे म्हणून. आणि पेन दे, सही मी करते."