चष्मेवाल्यांचं ‘नाही’

देवाने समुद्राला तोंड दिलं, पण जीभ दिली नाही. त्याच्या मनात काय आहे ते किनाऱ्यावर उभं राहून कुणालातरी वाचावं लागतं. बंदरात होड्या उतरवायच्या उतारावर हे वाचायचं काम आपसूकच चष्मेवाल्यांकडे आलं होतं. आठवडाभर ते दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढत आणि सुट्टीच्या सकाळी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, पाण्यात लोटून भूशिराच्या पलीकडच्या खडकावर गळ टाकायला जात.

एकटे मात्र कधीच जात नसत. त्यांचं एक टोळकं होतं आणि टोळक्याचे नियम दोनच. निघण्यापूर्वी प्रत्येकाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. एकाचं ‘नाही’ ते सगळ्यांचं ‘नाही’. कारण विचारायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. चष्मेवाले म्हणत, “भ्यालेल्याला हसलात, की पुढच्या खेपेला तो खोटं ‘हो’ म्हणेल आणि सगळ्यांना घेऊन बुडेल.” दुसरा नियम असा, की कुठे जातोय, कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परतणार हे किनाऱ्यावरच्या एकाला सांगितल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही. वेळ टळली की त्या माणसाने वाट बघत बसायचं नाही, सरळ बचाव बोटीला फोन करायचा.

त्या सकाळी पाणी असं शांत होतं, की नवख्याला वाटावं, देवाने आपल्यासाठीच अंथरलंय.

“काय चष्मेवाले, आज समुद्र इस्त्री करून आलाय!” न्हावी म्हणाला. कोपऱ्यावरचं केस कापायचं दुकान त्याचं आणि टोळक्यातली बडबडही त्याचीच.

चष्मेवाले समुद्राकडे न बघता आधी मागे वळले. गावाकडची झाडं समुद्राकडे वाकत होती.

“इस्त्री इथपर्यंतच आहे,” ते म्हणाले. “वारा जमिनीकडून आहे. इथे घरांच्या आडोशाला कळत नाही, पण भूशीर ओलांडलं की पाठीत धक्के बसतील. वर ओहोटी, तीही बाहेरच ओढणार. समोरून मोठ्या लाटा येतायत, त्यांची आणि वाऱ्याची टक्कर झाली की पाणी उभं राहतं. जाताना काय, कुणीही जाईल. येताना हात गळून पडतील आणि माणूस जागच्या जागी. माझं ‘नाही’.”

“झालं! दाजींचं ‘नाही’ म्हणजे दगडावरची रेघ,” मेहुणा म्हणाला. हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी तळ्यात पडला आणि बुडायचं सोडून तरंगत राहिला, तेव्हापासून सगळ्या गावाचा भोपळ्या. “चला रे घरोघर. बायकोला कामात मदत करा, पुण्य लागेल.”

“मी घराबाहेर असतो, हीच माझ्या बायकोला मदत,” न्हावी म्हणाला.

सगळे हसले. कयाक पुन्हा गाड्यांच्या टपावर चढल्या. चष्मेवाल्यांना मनातून फार बरं वाटलं. आपल्या एका शब्दावर इतकी माणसं धडधाकट घरी जातात. देवाकडे आणखी मागायचं ते काय?

दुपारी जेवायला ते घरी आले, तर दार सताड उघडं आणि बायको खिडकीशी, हातात फोन. वळली नाही.

“कुणाच्या फोनची वाट बघतेयस?”

“कुणाच्या नाही.” मग तिचा धीर सुटला. “अहो, ते अजून आले नाहीत.”

“ते कोण?”

“भोपळ्या आणि न्हावी. खडकावर गेलेत. पलीकडच्या लहान किनाऱ्यावरून.”

“मी ‘नाही’ म्हटलं होतं.”

“हो.”

“मग कुठून गेले, कुठे गेले, हे तुला कसं ठाऊक?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “तुमचाच नियम ना. किनाऱ्यावर कुणालातरी सांगून जायचं. ते मला सांगून जातात.”

“आज पहिल्यांदाच?”

तिने मान हलवली. आज पहिल्यांदा नव्हतं.

“आणि वेळ टळली तरी फोन केला नाहीस?”

“केला असता तर सगळं तुम्हाला कळलं असतं. म्हटलं, येतीलच आता. दरवेळी येतात…”

“म्हणजे भाऊ बुडाला तरी चालेल, नवऱ्याला कळता कामा नये!”

चष्मेवाल्यांना रागवायलाही सवड नव्हती. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि बचाव बोटीच्या ठाण्याला लावला. “दोन कयाक, दोन माणसं. खडकापाशी वेळ घालवू नका. वारा आणि ओहोटी दोन्ही बाहेर ओढतायत. खडकापासून सरळ बाहेर जा, तिकडेच वाहत गेले असतील.”

धक्क्यावर ते उभे होते तेव्हा आत एकच घोष चालला होता: ठेव रे बाबा, मूर्ख आहेत, पण ठेव. बायको चार हात अंतरावर उभी होती. जवळ यायची तिची छाती होत नव्हती.

देवाने ऐकलं. बोट आली. न्हावी कांबळ्यात वळकटीसारखा गुंडाळलेला होता. भोपळ्याचे ओठ निळे पडले होते आणि उलटलेल्या कयाकच्या पट्ट्याला धरून धरून बोटं वळली होती ती सुटत नव्हती. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. चष्मेवाल्यांनी शिकवलेलं सगळं अंगावर होतं, फक्त त्यांचा शब्द तेवढा नव्हता. त्यांनी त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून चोळली, एकेक करून सरळ केली. भोपळ्या लहान पोरासारखा रडला. तेही रडले.

मग ठाण्याच्या खोलीत सगळे हीटरपाशी बसले. गरम चहा पोटात गेला आणि न्हाव्याची जीभ सैल झाली.

“चष्मेवाले, तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. आणि गैरसमज नको हं. तुमच्या ‘नाही’वर आमचा पुरता विश्वास होता.”

“मग गेलात कसे?”

“विश्वास होता म्हणूनच तर! तुम्ही ‘नाही’ म्हटलं की बाकीचं कुणी फिरकत नाही. अख्खा खडक मोकळा. मासे पण असे लागतात त्या दिवशी…”

भोपळ्याने बाकाखालून त्याला लाथ मारली. उशीर झाला होता.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. काच स्वच्छच होती. सकाळचं ते हसणं, ती दगडावरची रेघ, ते ‘चला रे घरोघर’ सगळं त्यांना पुन्हा ऐकू आलं आणि आता निराळंच ऐकू आलं. माणसं वाचावीत म्हणून जो शब्द ते जपून उच्चारत, त्याची यांनी खडक झाडायची केरसुणी केली होती. आणि ती केरसुणी दारामागे लपवून ठेवायला घरातलंच माणूस होतं.

“केसाने गळा कापतात म्हणे,” ते म्हणाले. “न्हाव्याचं एक वेळ समजू शकतो. पण मेहुण्याने मान धरायची आणि बायकोने दिवा दाखवायचा?”

“दाजी, दरवेळी आम्ही सुखरूप आलोच ना…”

“आलात. तिथेच सगळा घात झाला. जितक्यांदा आलात, तितक्यांदा माझं ‘नाही’ खोटं ठरलं.”

गावात गोष्ट लपते होय? पुढच्या सुट्टीच्या सकाळी झाडं पुन्हा समुद्राकडे वाकली होती आणि लाटा आणखी थोराड होत्या. चष्मेवाले म्हणाले, “नाही.”

कुणी हसलं नाही, पण कुणी कयाक परत गाडीवरही चढवली नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

शेवटी टोळक्यातला वायरमन म्हणाला, “राग मानू नका, चष्मेवाले. हे ‘नाही’ पाण्याचं, की खडक मोकळा करायचं? आम्ही घरी गेलो, की कोण जाणार आहे?”

बाण काळजात रुतला. आपण निर्दोष आहोत हे शपथेवर सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण ज्या शब्दाला किंमत उरली नाही, त्याला शपथेचं ठिगळ किती पुरणार? ते वळले. धक्क्याच्या टोकाला गेले, जिथून हा उतार आणि पलीकडचा लहान किनारा दोन्ही दिसतात, आणि तिथल्या दगडावर बसले.

“मी इथून हलत नाही,” ते ओरडून म्हणाले. “कुणी पाण्यात उतरलं तर मी शिट्टी मारेन. सगळ्या गावाला ऐकू जाईल. आता जा.”

मग एकेक जण गेला. जाताना प्रत्येकाने मागे वळून पाहिलं. त्यांच्याकडे नव्हे, दुसऱ्या किनाऱ्याकडे.

ऊन चढलं. बायको डबा घेऊन आली. तिच्यामागे भोपळ्या होता, तो धक्क्याच्या तोंडाशीच थांबला. तिने डबा दगडावर ठेवला.

“दोन घास खाऊन घ्या. आणि घरी चला. इतक्या वाऱ्यात कोण जाणार आहे आता?”

चष्मेवाल्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावरची नजर काढली नाही.

“हे तू सांगतेस मला?”

ती उभीच राहिली. मग डब्याच्या पलीकडे, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर बसली आणि तीही त्याच किनाऱ्याकडे बघू लागली. डबा मध्ये तसाच राहिला.